माहितीपत्रकातील कोलायडर आणि टेबलावरची नळी : गायगर-म्युलर संचाचे वर्षभरानंतरचे परीक्षण

मागच्या जून महिन्यात आमच्या साताऱ्यातील महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र विभागासाठी आम्ही एक गायगर-म्युलर काउंटर, म्हणजे किरणोत्सारी स्रोतातून येणारे कण मोजणारा, संच खरेदी केला. अभ्रकाची खिडकी असलेली एक नळी, तिला हाय व्होल्टेज पुरवणारा आणि स्पंद मोजणारा एकत्रित पेटारा, नळी व स्रोत बसवण्यासाठी खाचा पाडलेले ॲक्रिलिकचे स्टँड, जोडणीची केबल आणि छत्तीस पानांची पुस्तिका एवढा या संचाचा पसारा आहे. किंमत साधारण एका नव्या दुचाकीइतकी होती, म्हणजे आमच्यासारख्या विभागाच्या वर्षाच्या तरतुदीचा मोठा घास. उत्पादकाचे नाव मी येथे मुद्दाम देत नाही, कारण पुढे काही तक्रारीही यायच्या आहेत, आणि या धाटणीचे संच बनवणारे देशात अनेक जण असून त्यांच्यात फरकापेक्षा साम्यच अधिक आहे.

हा संच निवडण्यामागे माहितीपत्रकातील एक वाक्य होते. ‘जगातील मोठ्या कोलायडरांमध्ये बीमची ल्युमिनॉसिटी ज्या तत्त्वावर मोजली जाते, त्याच वायू-डिटेक्टरच्या तत्त्वावर आधारित’ असा त्यात दावा होता. कोलायडर म्हणजे कणांचे झोत, म्हणजेच बीम, एकमेकांवर आदळवणारे यंत्र. एम.एस्सी.च्या वर्गात एका विद्यार्थिनीने विचारले होते की, लार्ज हॅड्रॉन कोलायडरमध्ये सेकंदाला अब्जभर टकरी होतात असे आपण सहज म्हणतो, पण मॅडम, त्या मोजतो कोण आणि त्याच्यावर विश्वास का ठेवायचा? माझ्याकडे फळ्यावरचे उत्तर होते, हातात देण्यासारखे काही नव्हते. तेव्हा हे परीक्षण संचाचे आहे तितकेच त्या दाव्याचेही आहे.

प्रथम हे मोजायचे तरी काय, ते सांगणे भाग आहे. ल्युमिनॉसिटी म्हणजे दोन बीम एकमेकांतून किती दाटीने जातात याचे माप. तिला एखाद्या प्रक्रियेच्या काटछेदाने, म्हणजे ती घडण्याची शक्यता क्षेत्रफळाच्या रूपात सांगणाऱ्या आकड्याने, गुणले की ती प्रक्रिया सेकंदाला किती वेळा घडेल ते मिळते. लार्ज हॅड्रॉन कोलायडरची नियोजित ल्युमिनॉसिटी चौरस सेंटिमीटरला दर सेकंदास १० चा ३४ वा घात इतकी होती आणि प्रत्यक्षात यंत्राने तिच्या दुप्पट मजल मारली. प्रोटॉनांच्या अप्रत्यास्थ टकरींचा काटछेद सुमारे ८० मिलिबार्न (मिलिबार्न हे काटछेदाचे एकक) धरला, तर नियोजित ल्युमिनॉसिटीला सेकंदाला सुमारे ८० कोटी आणि दुपटीला १६० कोटी टकरी होतात. या टकरी एकेक करून मोजता येत नाहीत. त्यांच्या एका ठरावीक, छोट्या अंशाला प्रतिसाद देणारे उपकरण ठेवायचे आणि तो अंश नेमका किती, हे स्वतंत्रपणे ठरवायचे, असा हा व्यवहार आहे. हिग्ज बोसॉन किती वेळा निर्माण होतो या प्रश्नाच्या उत्तरात ल्युमिनॉसिटी भाजकस्थानी बसते, त्यामुळे ती दोन टक्क्यांनी चुकली की उत्तरही दोन टक्क्यांनी चुकते.

आता संचाकडे वळू. पेटी उघडल्यावर पहिले मत चांगले झाले. नळीच्या तोंडाशी लाल प्लास्टिकची टोपी होती आणि तिच्याखाली अभ्रकाचा तो कागदाहून पातळ पडदा, ज्याला बोट लावायचे नाही असे आमच्या प्रयोगशाळेतील मामांनी मी सांगण्याआधीच दोन मुलांना बजावले. नळीत निऑन असून त्यात थोडा हॅलोजन मिसळलेला आहे. एका कणाने सुरू केलेली विद्युत-हिमस्खलनासारखी क्रिया विझवण्याचे काम तो हॅलोजन करतो. अल्कोहोलसारखे सेंद्रिय वायू भरलेल्या नळ्यांत हा विझवणारा वायू वापरागणिक खर्ची पडत जातो, हॅलोजनचे रेणू मात्र तुटले तरी पुन्हा जुळतात. शैक्षणिक प्रयोगशाळेत मुले नळी तासन् तास चालू ठेवतात, तेव्हा हॅलोजनची नळी घेणेच शहाणपणाचे, आणि या बाबतीत उत्पादकाची निवड योग्य आहे.

पहिला प्रयोग अर्थात प्लॅटोचा, म्हणजे व्होल्टेज बदलले तरी मोजणी फारशी बदलत नाही तो सपाट भाग शोधण्याचा. व्होल्टेज हळूहळू वाढवत गेलो, तेव्हा ३६० व्होल्टला मोजणी सुरू झाली, ४०० पासून ५६० पर्यंत आलेख जवळजवळ सपाट राहिला आणि त्यापुढे चढू लागला. आम्ही ४६० व्होल्ट ही कामाची जागा ठरवली. माहितीपत्रकात या सपाट भागाचा चढ शंभर व्होल्टला ३ टक्के लिहिला आहे, तो आम्हाला ६ टक्के मिळाला. शिकवण्याच्या कामाला ६ टक्के चालतात, पण छापील आकडा आणि मोजलेला आकडा यांत दुपटीचा फरक असावा हे बरे नव्हे. मुलांना मात्र मी या चढाचे महत्त्व कोलायडरच्या संदर्भातच सांगितले. व्होल्टेज थोडे हलले म्हणून मोजणी हलणार असेल, तर बीम बदलला की आपले उपकरण बदलले, हे कळायचे कसे?

येथूनच त्या दाव्याची पहिली कसोटी लागते. वायूतून विद्युतभारित कण गेला की तो अणूंमधले इलेक्ट्रॉन सोडवतो. आता पुढे काय करायचे, हे व्होल्टेज ठरवते. कमी व्होल्टेजला सुटलेले इलेक्ट्रॉन जसेच्या तसे गोळा होतात, तो आयनीकरण कक्ष. थोड्या अधिक व्होल्टेजला तारेजवळ त्यांची पैदास होते, पण मूळ संख्येच्या प्रमाणात, तो प्रपोर्शनल काउंटर. आणखी पुढे गेले की एक इलेक्ट्रॉन असो वा हजार, स्पंद सारखाच मोठा येतो, आणि हे गायगरचे राज्य. हान्स गायगर यांनी रदरफोर्ड यांच्यासोबत १९०८ मध्ये कण मोजणारी नळी वापरली आणि १९२८ मध्ये वॉल्टर म्युलर यांच्यासोबत तिला आजचे रूप दिले. स्पंद मोठा असल्यामुळे पुढची इलेक्ट्रॉनिक्स स्वस्त पडते, म्हणूनच हा संच आपल्या आवाक्यात येतो. पण या मोठेपणाची किंमत वेळेत मोजावी लागते.

ती किंमत किती, हे आम्ही दोन स्रोतांच्या जुन्या पद्धतीने काढले. विभागाकडे असलेले स्ट्रॉन्शियम-९० चे दोन लहान सीलबंद बीटा स्रोत घेतले. पहिला एकटा ठेवल्यावर सेकंदाला ८१२ काउंट आले, दुसरा एकटा ठेवल्यावर ७९६. दोन्ही एकत्र ठेवले तर १६०८ यायला हवे होते, आले १४९७. उरलेले १११ गेले कुठे, हा प्रश्न वर्गात विचारल्यावर जी शांतता पसरली, तिच्यासाठी मी संचाला मनातल्या मनात पैकीच्या पैकी गुण दिले. एका कणाने पेटवलेली नळी विझेपर्यंत आलेला दुसरा कण तिला दिसतच नाही. हिशेब केला तेव्हा हा आंधळेपणाचा काळ, ज्याला प्रयोगशाळेत सगळे डेड टाइमच म्हणतात, सुमारे ८६ मायक्रोसेकंद निघाला. पुस्तिकेत ९० लिहिला आहे, म्हणजे येथे उत्पादक खरा ठरला.

आता हे ८६ मायक्रोसेकंद लार्ज हॅड्रॉन कोलायडरच्या जिनिव्हाजवळच्या बोगद्यात नेऊन पाहू. त्या वर्तुळाचा परीघ २६.६६ किलोमीटर आहे आणि प्रोटॉनांचा पुंजका त्यात सेकंदाला ११,२४५ फेऱ्या मारतो, म्हणजे एका प्रदक्षिणेला ८९ मायक्रोसेकंद लागतात. आमची नळी एकदा डोळे मिटून उघडते, तेवढ्यात तिकडे प्रोटॉनांची जवळजवळ अख्खी प्रदक्षिणा पूर्ण होते. पुंजक्यांच्या लागोपाठच्या भेटींत फक्त २५ नॅनोसेकंदांचे अंतर असते. त्या ८६ मायक्रोसेकंदांत पुंजक्यांसाठीच्या तीन हजारांहून अधिक जागा नळीसमोरून निघून गेलेल्या असतात. माहितीपत्रकातील ‘त्याच तत्त्वावर’ हे शब्द वायूच्या आयनीकरणापुरते खरे आहेत, त्यापलीकडे नाहीत. माझ्या मते तरीही संच घेण्याचे सर्वांत सबळ कारण हा खोटेपणाच आहे, कारण आपली नळी तिथे का चालणार नाही हे एकदा उमगले की तिथे काय चालते आणि का, हे सांगणे सोपे होते.

तिथे चालते ती पैदास न करणारी साधी गोष्ट. ॲटलस आणि सीएमएस या दोन मोठ्या प्रयोगांच्या दोन्ही बाजूंना, टकरीच्या जागेपासून सुमारे १४० मीटरवर, तांब्याचा एक जाडजूड शोषक बसवलेला आहे. टकरीतून सरळ पुढे सुटलेले न्यूट्रॉन आणि फोटॉन यांच्यावर भार नसल्यामुळे चुंबक त्यांना वळवू शकत नाहीत, आणि ते थेट येऊन या शोषकावर आदळतात. पुढच्या चुंबकांना त्यांच्यापासून वाचवणे हे शोषकाचे मूळ काम. पण त्यांच्या आदळण्याने धातूत कणांची जी सर येते, तिच्यातच एक आयनीकरण कक्ष खोवून ठेवलेला आहे. त्यात आर्गॉनमध्ये थोडा नायट्रोजन मिसळून तो मिश्रवायू दाबाखाली भरलेला असतो. दाब अशासाठी की पैदास नाही तर मुळातले इलेक्ट्रॉन तरी जास्त मिळावेत, आणि नायट्रोजन अशासाठी की इलेक्ट्रॉनांची वाटचाल जलद व्हावी. हा कक्ष चार चतकोरांत विभागलेला आहे, त्यामुळे सर वर-खाली वा डावी-उजवीकडे कलली तर बीम कोणत्या कोनात भेटत आहेत तेही कळते. ती जागा प्रारणाने इतकी भाजून निघणारी आहे की तिथे नाजूक अर्धवाहक फार काळ तगणे कठीण, वायूचे मात्र काहीच बिघडत नाही.

डेड टाइमनंतरचा दुसरा धडा शून्य मोजण्याचा. यासाठी मी स्रोत म्हणून कृषी सेवा केंद्रातून आणलेले म्युरेट ऑफ पोटॅश वापरले. उसाला घालायचे हेच लालसर खत. त्यातल्या पोटॅशियमचा एक अगदी लहान भाग पोटॅशियम-४० या किरणोत्सारी समस्थानिकाचा असतो आणि शुद्ध पोटॅशियम क्लोराइडच्या एका ग्रॅममध्ये सेकंदाला साधारण १६ विघटने होतात. परवानगीचा प्रश्न नाही, धोका नाही, आणि शेतकऱ्याच्या घरातील मुलांना आपल्या परड्यातल्या पोत्यातून बीटा किरण निघतात हे कळल्यावर जो चेहरा होतो तो पाहण्यासारखा असतो. एका बशीत हे खत पसरून खिडकीखाली ठेवले आणि दोन-दोन सेकंदांच्या ३०० नोंदी घेतल्या. एकूण काउंट ३५७ झाले, म्हणजे नोंदीला सरासरी १.१९. मग मुलांना सांगितले की काउंट विसरा, फक्त ज्या नोंदीत काहीच आले नाही त्या मोजा. अशा रिकाम्या नोंदी ९१ निघाल्या. यदृच्छेने घडणाऱ्या घटनांच्या पॉइसॉनच्या नियमानुसार रिकाम्या नोंदींच्या प्रमाणाचा नैसर्गिक लॉगरिदम घेऊन चिन्ह उलटवले की सरासरी मिळते, आणि ती आली १.१९.

हा काही गमतीचा योगायोग नाही, कोलायडरमध्ये रोज हेच केले जाते. एका भेटीत एक टक्कर झाली की पाच, हे ज्या उपकरणाला वेगळे सांगता येत नाही, त्याला फक्त ‘काही दिसले’ आणि ‘काही दिसले नाही’ एवढेच विचारायचे आणि न दिसलेल्या भेटींवरून सरासरी काढायची. अडचण तेव्हा येते जेव्हा टकरी इतक्या वाढतात की रिकामी भेटच उरत नाही. पोटॅशच्या जागी आम्ही स्ट्रॉन्शियमचा स्रोत ठेवला, तेव्हा तीनशेपैकी एकही नोंद रिकामी नव्हती आणि पद्धत जागच्या जागी संपली. मग एक तर नोंदीचा काळ तोडावा लागतो किंवा उपकरण मुद्दाम कमी पाहणारे करावे लागते. या संचाची मोठी उणीव येथेच बोचते. नोंदीचा काळ एक सेकंदापेक्षा कमी ठेवता येत नाही आणि पेटाऱ्याच्या मागे स्पंद बाहेर काढण्याचे सॉकेटच नाही, त्यामुळे ऑसिलोस्कोप किंवा संगणक जोडून हे बंधन ओलांडताही येत नाही. एका सॉकेटचा खर्च तो कितीसा आला असता!

उपकरण कमी पाहणारे करण्याचे सर्वांत ठळक उदाहरण ॲटलसच्या ल्युसिड या डिटेक्टरचे आहे. टकरीच्या जागेपासून १७ मीटरवर, दोन्ही बाजूंना, बीमच्या नळीभोवती ॲल्युमिनियमच्या नळ्या होत्या आणि त्यांत फ्लोरिनयुक्त वायू भरलेला होता. आमच्या नळीसारखे हे आयनीकरण नव्हे, तर वायूतील प्रकाशाच्या वेगापेक्षा जलद जाणाऱ्या कणाने टाकलेला चेरेन्कोव्ह प्रकाश टिपायचा. टकरी वाढल्या तशी प्रत्येक भेटीत काही ना काही दिसू लागले, तेव्हा २०११ च्या मध्यावर वायूच काढून टाकण्यात आला. प्रकाश टिपणाऱ्या फोटोमल्टिप्लायरच्या काचेत उमटणारा थोडा प्रकाश पुरेसा ठरला. अमेरिकेतील टेव्हाट्रॉन कोलायडरवरच्या सीडीएफ प्रयोगात मात्र आयसोब्युटेन वायूचे असे ९६ चेरेन्कोव्ह काउंटर शेवटपर्यंत ल्युमिनॉसिटी मोजत राहिले आणि त्यांची अचूकता सुमारे ६ टक्क्यांची होती. वायूचा हा चढउतार वर्गात सांगताना मला संचातल्या बंद नळीचा उपयोग नाही, पण बशीतल्या पोटॅशचा नक्की होतो.

संचाचा सर्वांत सुंदर उपयोग पुस्तिकेत नाहीच. वर म्हटल्याप्रमाणे उपकरणाला दिसणारा अंश नेमका किती, हे ठरवल्याशिवाय काउंटला अर्थ नाही, आणि ते ठरवण्याची युक्ती सायमन वान डर मीर यांनी १९६८ मध्ये सर्न या युरोपीय कणभौतिकी संस्थेच्या इंटरसेक्टिंग स्टोरेज रिंग्ज या कोलायडरसाठी काढली. एक बीम दुसऱ्यावरून हळूहळू सरकवत न्यायचा आणि प्रत्येक अंतराला काउंट घ्यायचे. मिळालेल्या घंटेच्या आकाराच्या आलेखाच्या क्षेत्रफळाला शिखराने भागले की बीमची परिणामी रुंदी मिळते. पुंजक्यांतील प्रोटॉनांची संख्या विद्युतप्रवाहावरून वेगळी मोजलेली असतेच, तेव्हा टकरींच्या सिद्धांताला हात न लावता ल्युमिनॉसिटी हाती येते.

आमच्याकडे दोन बीम नाहीत, पण प्रत्येक भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत असतो तसा ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोप आहे. त्याची दुर्बीण काढून सरकत्या पट्टीवर पितळेच्या पत्र्यातील २ मिलिमीटरच्या फटीमागे स्ट्रॉन्शियमचा स्रोत बसवला, आणि नळीसमोर तशीच दुसरी फट ठेवली. मामांनी पत्रे कापून, कानशीने घासून फटी अशा सरळ केल्या की मला वर्कशॉपला चिठ्ठी लिहावी लागली नाही. अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरने स्क्रू फिरवत मुलांनी नोंदी घेतल्या. आलेख चढला, शिखरावर आला आणि उतरला, आणि रुंदी निघाली २.४ मिलिमीटर. मग डेड टाइमची दुरुस्ती करून तोच आलेख पुन्हा काढला तर रुंदी २.३ झाली. शिखरावर काउंट अधिक असल्यामुळे नळी तेथेच सर्वांत जास्त चुकवते, शिखर बसके होते आणि रुंदी फुगते. ज्या मुलांना डेड टाइम म्हणजे प्रयोगवहीतला एक रकाना वाटत होता, त्यांना तो मोजमापाच्या मुळाशी कसा पोहोचतो हे त्या दुपारी कळले. जाता जाता एक गोष्ट सांगते. या ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोपचा लघुतम माप ०.००१ सेंटिमीटर, म्हणजे १० मायक्रोमीटर आहे, आणि लार्ज हॅड्रॉन कोलायडरमध्ये टकरीच्या जागी बीमची नियोजित जाडी सुमारे १७ मायक्रोमीटर आहे. आपल्या व्हर्नियरच्या दोन खुणांतच तो बीम मावतो, हे मुलांनी डोळे बारीक करून पाहिले.

आता तक्रारीचा भाग. साताऱ्याचा पाऊस ज्यांना ठाऊक आहे त्यांना पुढचे सांगायला नको. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात यवतेश्वरवरून उतरलेले धुके दुपारपर्यंत प्रयोगशाळेच्या खिडक्यांवर बसून होते आणि त्या दिवशी स्रोत कपाटात असताना नळीने मिनिटाला हजारांच्या घरात काउंट दाखवायला सुरुवात केली. व्होल्टेज कमी केले की थांबायचे, वाढवले की पुन्हा सुरू. विक्रेत्याच्या सेवा विभागाला फोन केला. पलीकडच्या गृहस्थांनी एकही प्रश्न न विचारता नळी गेल्याचे जाहीर केले आणि नव्या नळीचे दरपत्रक सायंकाळपर्यंत ईमेलवर आलेही. तीन आठवड्यांनी माणूस पाठवू असे आश्वासन मिळाले, तो माणूस आजतागायत आलेला नाही.

नळी गेलेली नव्हती. खोलीतील दिवे बंद करून केबलच्या टोकाकडे पाहिले तेव्हा जोडणीच्या पांढऱ्या इन्सुलेटरवर बारीक निळसर ठिणगी दिसली. दमटपणामुळे तेथून प्रवाह निसटत होता आणि प्रत्येक निसटणे पेटारा कण म्हणून मोजत होता. आयसोप्रोपिल अल्कोहोलने जोडणी पुसली, केबल सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर डब्यात ठेवली आणि पेटारा ज्या कपाटात लेन्सांना बुरशी लागू नये म्हणून ४० वॅटचा बल्ब बारा महिने जळतो त्या कपाटात हलवला. दोन दिवसांत सगळे पूर्ववत झाले. पुस्तिकेत दमट हवेबद्दल एक ओळ नाही, हे कोरड्या प्रदेशात बसून लिहिलेल्या पुस्तिकेचे लक्षण म्हणावे लागेल. गंमत अशी की कोलायडरमधल्या बेकेलाइटच्या रेझिस्टिव्ह प्लेट चेंबर या वायू-डिटेक्टरांत वायूला मुद्दाम ओलावा द्यावा लागतो, कारण कोरड्या वायूने बेकेलाइट सुकून त्याचा रोध वाढतो. म्हणजे ओलाव्याला सरसकट शत्रू मानता येत नाही.

पावसाने दुसरी एक गोष्ट मात्र दिली. स्रोताविना तासभर घेतलेली बॅकग्राउंडची मोजणी कोरड्या दिवशी १४९६ होती, जोरदार सर सुरू असताना १६७२ झाली. दहा मिनिटांच्या मोजणीत हा फरक सांख्यिकी चढउतारात बुडून गेला असता, तासाभराच्या मोजणीत बुडत नाही. हवेतील रेडॉनपासून तयार झालेले शिसे-२१४ आणि बिस्मथ-२१४ पावसाबरोबर जमिनीवर उतरतात, आणि त्यांची अर्धायुष्ये अर्ध्या तासाच्या आतली असल्यामुळे पाऊस थांबल्यावर तास-दोन तासांत सगळे निवळते. कोलायडरमध्येही असाच एक मागे रेंगाळणारा गोंधळ असतो. टकरींनी आसपासचे साहित्य किरणोत्सारी होते आणि पुंजके निघून गेल्यावरही डिटेक्टर टिमटिमत राहतो. तिकडे त्याला आफ्टरग्लो म्हणतात आणि रिकाम्या जागांतील काउंट पाहून तो वजा करतात. आम्हीही तेच केले, फक्त आमचा आफ्टरग्लो ढगातून आला.

वर्षभराच्या स्थैर्याचा हिशेब महत्त्वाचा आहे, कारण कोलायडरमध्ये वान डर मीर पद्धतीचे मोजमाप वर्षातून फार थोड्या दिवशी, कमी ल्युमिनॉसिटीला होते आणि त्यावर पुढचे महिनोन् महिने विसंबावे लागते. ते अंशन (कॅलिब्रेशन), म्हणजे उपकरणाला दिसणाऱ्या अंशाचे ते माप, उच्च ल्युमिनॉसिटीला आणि वर्षाच्या शेवटापर्यंत जसेच्या तसे लागू पडते की नाही, हाच खरा चिंतेचा विषय असतो. म्हणून एकमेकांपासून वेगळ्या तऱ्हेची अनेक उपकरणे ठेवतात. सीएमएसमध्ये सर्वांत बाहेरच्या, म्युऑन (इलेक्ट्रॉनासारखे पण जड कण) टिपणाऱ्या भागातील आर्गॉन आणि कार्बन डायऑक्साइड भरलेल्या ड्रिफ्ट ट्यूब या कामी येतात. त्यांच्यापर्यंत फार थोडे कण पोहोचतात, त्यामुळे त्या थकत नाहीत आणि आतल्या उपकरणांचे खरे-खोटे पारखतात. ॲटलसने अशा साऱ्या पडताळण्यांनंतर २०१५ ते २०१८ या काळाची ल्युमिनॉसिटी ०.८३ टक्के अनिश्चिततेने सांगितली. टेव्हाट्रॉनच्या ६ टक्क्यांशी हे ताडून पाहिले की मधल्या कष्टांचा अंदाज येतो.

आमच्या नळीची पारख साधी होती. पहिला स्रोत त्याच खाचेत, त्याच व्होल्टेजला, दर पंधरवड्याला शंभर सेकंद. वर्षारंभी सेकंदाला ८१२, वर्षाअखेरीस ७८९. यातील बहुतेक घट स्रोताचीच आहे, कारण स्ट्रॉन्शियम-९० चे अर्धायुष्य सुमारे २८.८ वर्षे असल्याने वर्षाला २.४ टक्के तो स्वतःच ओसरतो आणि अपेक्षित आकडा ७९३ निघतो. म्हणजे पावसाळ्यातल्या त्या प्रसंगासह नळी अर्ध्या टक्क्यात टिकून राहिली. या किमतीच्या वस्तूकडून मला एवढी अपेक्षा नव्हती, आणि मोडीत काढलेल्या नळीने हे करून दाखवले म्हणून समाधान थोडे अधिकच आहे.

एका गोष्टीचा उल्लेख राहून जाऊ नये. इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन कोलायडरांत ल्युमिनॉसिटी मोजण्याचे मानक म्हणजे लहान कोनात होणारे भाभा विकिरण, म्हणजे इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांचे एकमेकांवरून विखुरणे, होमी भाभा यांनी १९३६ मध्ये ज्याचे गणित मांडले ते. सर्नच्या लेप कोलायडरवरील अलेफ प्रयोगात सुरुवातीला हे मोजणारे उपकरण शिशाचे थर आणि त्यांच्यामध्ये तारांचे प्रपोर्शनल चेंबर असे वायूवरच चालणारे होते, पुढे त्याची जागा सिलिकॉनने घेतली. उटीच्या ग्रेप्स-३ या वैश्विक किरणांच्या प्रयोगात तर सहा मीटर लांबीचे हजारो प्रपोर्शनल काउंटर म्युऑन मोजत असतात. माहितीपत्रकात कोलायडरचे चित्र छापण्याऐवजी यांतील एखादी गोष्ट छापली असती तर विद्यार्थ्यांना अधिक जवळची वाटली असती.

पुस्तिकेबद्दल थोडक्यात सांगायचे तर ती निकृष्ट आहे. डेड टाइमच्या सूत्रात छेदातला दोनचा गुणक गाळलेला आहे आणि त्याप्रमाणे हिशेब करणाऱ्याला दुप्पट उत्तर मिळेल. ॲक्रिलिकच्या स्टँडच्या खाचा किंचित सैल आहेत, स्रोताची पट्टी डुलते, तेव्हा कागदाची घडी सारावी लागते. पेटाऱ्याची कळफलकपट्टी आणि अंकदर्शक उत्तम, मागच्या बाकावरूनही आकडे वाचता येतात.

पदव्युत्तर विभागांनी आणि ज्या बी.एस्सी. विभागांकडे शिकवायला उत्साही माणूस आहे त्यांनी हा संच जरूर घ्यावा असे माझे मत आहे. ज्यांना फक्त प्रात्यक्षिकांच्या यादीतली दोन प्रयोगांची टिकमार्क हवी आहे, त्यांनी याहून स्वस्त संच घेतला तरी चालेल. खरेदीच्या दरपत्रकात स्पंद बाहेर काढण्याचे सॉकेट, एक सेकंदाखालील नोंदीचा काळ आणि जादा केबल या तीन गोष्टी लेखी मागून घ्याव्यात. आम्ही दुसऱ्या संचासाठी तशी मागणी केली आहे आणि विक्रेत्याने सॉकेट बसवून देण्याचे मान्यही केले आहे. पेटी सोडवताना नळीची ती लाल टोपी मात्र कचऱ्यात जाऊ देऊ नका. ती सुटी विकत मिळत नाही, आमची एकदा हरवली होती आणि मामांना ती दोन दिवसांनी खडूच्या डब्यात सापडली.